मोटेवर कोण गात होतं

रावेर येईपर्यंत अमृत गाडीत एक शब्द बोलला नाही. धुळ्याहून निघताना मेघानं दोनदा विचारलं होतं, "बाबा, मोठ्या आबांसाठी काही घ्यायचं का?" दोन्ही वेळा त्यानं खिडकीबाहेर पाहिलं होतं. भुसावळ मागे पडलं, तापीवरचा पूल आला, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. झोप आलेली नव्हती.

श्रावणातला, खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते तो रविवार होता. मोठे आबा म्हणजे हिलाल, अमृतचा थोरला भाऊ, सख्खा. पण त्याच्या घरात अमृतनं पाऊल ठेवलं नव्हतं ते बाप गेल्यापासून. बापाच्या, निंबाच्या, दहाव्याला पांझरेच्या काठावर साऱ्या भाऊबंदांसमोर अमृत त्याला म्हणाला होता, "जिवंत आईला सोडून मळ्यात राहिलास. आता मेलेल्या बापाला पाणी द्यायला कशाला आलास?" हिलालनं टोपी नीट केली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. अमृत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, त्याची बायको गेली, मेघा कॉलेजात प्राध्यापक झाली. लग्नं-मरणं झाली, तेवढ्यापुरती पत्रिका जायची, यायची. बोलणं नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात हिलालच्या मुलाचा, भूषणचा, फोन आला.

"काका, कानबाई झाली की गुरुवारी पप्पांचं ऑपरेशन आहे जळगावला. घशाचं. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही. कानबाईला तुम्हाला बोलवा, असं ते म्हणाले म्हणून फोन केला." जरा थांबून तो पुढे म्हणाला होता, "मी आपणहून केला नसता."

भूषणचं घर केळीच्या गोदामामागच्या वसाहतीत होतं. दारात रांगोळी, अंगणात मांडवाचं हिरवं कापड. भूषणनं "या" एवढंच म्हटलं आणि पिशवी उचलून तो आत गेला. त्याची बायको रत्ना मात्र डोक्यावर पदर घेऊन पाया पडली आणि मेघाला हाताला धरूनच आत घेऊन गेली.

हिलाल ओट्यावरच्या खाटेवर बसला होता. गळ्याभोवती मफलर. अमृतच्या डोक्यात होता तो उंच, रुंद छातीचा भाऊ, केळीचा घड खांद्यावर सहज टाकणारा. खाटेवरच्या माणसाच्या मनगटाची हाडं दिसत होती.

"उना का रे?" हिलाल म्हणाला. आवाज कसला, नुसतं खरखरणं होतं.

"हो."

"बठ."

अमृत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. प्रवास कसा झाला ते हिलालनं विचारलं नाही, तब्येत कशी आहे ते अमृतनं विचारलं नाही. रस्त्यावरून केळीनं भरलेला ट्रॅक्टर गेला आणि तो वळेपर्यंत दोघंही त्याच्याकडेच बघत राहिले.

*

आत मंजुळाबाई पुरण वाटत होती. दोघा भावांच्या मधली ही बहीण. तिचं सासर धुळ्याकडे, पण कानबाईला ती दरवर्षी हिलालकडे यायची आणि अमृतला ते ठाऊक असूनही तो कधी विषय काढायचा नाही. दोन भावांच्या मध्ये राहायची तिला सवय झाली होती. एकाचं नाव दुसऱ्यासमोर घ्यायचं नाही, एवढं पाळलं की दोन्हीकडे चहा मिळत असे.

मेघा गंगाफळ चिरायला बसली. रत्नानं रोटाच्या गव्हाचं पीठ परातीत ओतलं. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. त्यासाठी भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य काढायचं आणि ते दुसऱ्या कुणाला न देता घरच्यांनीच संपवायचं.

"यंदा सगळं जड जाणार नाही," रत्ना मेघाला म्हणाली. "काका आलेत ना. नाहीतर त्यांच्या वाट्याचं आम्हीच खातो दरवर्षी."

"बाबांच्या नावाचं काढता तुम्ही?"

"सासरे काढायला लावतात. माझं लग्न झालं त्या वर्षी मी मोजताना ते नाव सोडलं होतं, मला माहीतच नव्हतं. तर म्हणाले, अमृतनी मूठ राह्यनी. पुन्हा गहू काढायला लावले."

मेघाचा विळीवरचा हात थांबला. मंजुळाबाईनं काही ऐकलंच नाही असं दाखवून वेलदोडे कुटायला घेतले.

थोड्या वेळानं मेघा म्हणाली, "आत्या, मी कॉलेजात एक भाग शिकवते. अमेरिकेत पूर्वी आफ्रिकेतून माणसं धरून आणायचे. गुलाम म्हणून. बाजारात बैल विकतात तशी विकायचे. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे."

"हाय माय," मंजुळाबाई म्हणाली.

"ती माणसं कापसाच्या शेतात राबताना गायची. देवाची गाणी. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. नदीच्या पलीकडे देव आपल्याला घेऊन जाईल, तिथे कुणी मारणार नाही, ताटातूट नाही. मालकाला वाटायचं, भजन म्हणतायत, म्हणू दे, कामही भराभर होतं. आणि कधी कधी त्याच गाण्यात आपसातला निरोप असायचा. निघायची वेळ झाली म्हणून."

मंजुळाबाईचा खलबत्ता थांबला. "तठेबी नदीच का?"

"हो. नदीच."

"मंग आम्हना मळासारखंच शे ना माय," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "पन आम्हले कोनी विकत लिधं नही. खोटं काब बोलू. दुष्काळमा बानी उचल लिधी आन आम्ही बठ्ठा इकडे मळावर उनात. सालदारकी. येवाले वाट व्हती, जावाले नव्हती. एक जन पळी गयता, त्याले शिरपूरतून धरी लयनात. त्यानंतर त्यानी कव्हय नीट चालीसन दखाडं नही."

उचल फिटेपर्यंत सगळ्या घरानं राबायचं असा तो मळा तापीच्या काठाला होता. इंजिन होतं, पण डिझेल वाचावं म्हणून मालक एका विहिरीवर मोटच चालवायचा. मोटेवर बाप, केळीत पाणी वळवायला आई, गवत काढायला मुलं. मंजुळाबाई सांगत गेली. आई पश्चिमेकडची, कानबाईची गाणी तिला तोंडपाठ. ती बाकी घरांत वर्षातून एकदा म्हणतात. मळ्यात ती बारा महिने चालायची. आई केळीतून ओळ टाकायची, बाप मोटेवरून दुसरी म्हणायचा.

"मगन मुकादम फाटकवर बठे. गानं थांबनं का तो उठे. गानं चालू शे म्हंजे काम चालू शे, असं त्याले वाटे. म्हनीन दम लागना तरी गानं सोडता ये ना."

"म्हणजे ती गाणी पळून जाण्यासाठी..."

"रोज कोन पळी जास माय?" मंजुळाबाई हसली. "आम्ही एक दिन पळनूत. बाकीना दिन तं तठेच काढनात ना? माय म्हने, मालकले वाटस आपन त्यान्हा शेतस. कानबाईले ठावकी शे, आपन कोना. तेवढं रोज सांगाले लागे. नही तं आपलेच इसर पडी."

वर्गात मेघा निरोपाचाच भाग रंगवून सांगायची, मुलांना तोच आवडायचा. उरलेल्या दिवसांबद्दल तिनं फारसं काही सांगितलं नव्हतं.

"आत्या, एखादी ओळ म्हणाल?"

मंजुळाबाईनं दाराकडे पाहिलं. अमृत बाहेरच होता. मग ती पुरणाच्या पातेल्यावर वाकून अगदी हळू म्हणाली,

"कानबाई माय निंघनी, पाय वाळूमा टाक,
पानी उतरनं तापीनं, पल्याड मायनी हाक."

"हे तर सासरे म्हणायचे," रत्ना चटकन म्हणाली. "केळीच्या बागेत, घड उतरवताना. मला वाटायचं साधं कानबाईचं गाणं आहे."

"साधंच शे," मंजुळाबाई म्हणाली. "हाई बाईनी ओळ. पुढली ओळ मोटवरनी. ती माले येस नही. ती भाऊलेच येस."

*

संध्याकाळी कानबाई बसली. चौरंगावर नारळाची देवी, डोळे, नथ, लाल खण, दोन्ही बाजूंना कण्हेरीच्या फांद्या. आरती झाली, शेजारच्या बायका हळदीकुंकू घेऊन परत यायचं सांगून घरी गेल्या. रोट फक्त घरचे जेवणार होते. हिलालला भिंतीशी लोडाला टेकवून बसवलं होतं. मेघानं त्याच्या जवळ सरकून विचारलं,

"आबा, तुम्ही आणि आत्या मळ्यातलं गाणं म्हणाल? जमेल तेवढंच. मी फोनवर घेते. कॉलेजात मुलांना ऐकवीन."

"कशाला?" भूषण म्हणाला.

तो ताटं मांडत होता. हातातलं ताट त्यानं खाली ठेवलं. "कशाला ऐकवायचं, मेघाताई? धुळ्याच्या पोरांना सांगणार, हे बघा सालदार, हे असं गायचे? माझी स्वतःची पॅकिंगची शेड आहे आज. रावेरात मला लोक भूषणशेठ म्हणतात. माझा बाप तुमच्या धड्यातला नमुना नाही."

"नमुना म्हणून नाही रे..."

"भूषण बरोबर बोलतोय," अमृत म्हणाला.

दिवसभरात तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता. भूषणनं चमकून काकाकडे पाहिलं. या माणसाशी आपलं कशावर तरी एकमत होईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि झालं तेही आवडलं नाही.

"ती गाणी मळ्यातच राहू द्यायची," अमृत म्हणाला. "मी माझ्या घरात कधी म्हणू दिली नाहीत. काय मिळालं त्या गाण्यांनी? आई त्याच गाण्यावर मळ्यातून बाहेर पडली आणि धुळ्याला वर्षभरात गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. हिलाल येईल, हिलाल येईल. ह्याला गाणं ऐकू आलं नव्हतं का? आलं होतं. पण मळ्यात भाकरी मिळत होती, बैल हातात दिले होते. हा आला नाही."

"बाबा!" मेघा म्हणाली.

"का? इतकी वर्षं बोललो नाही, आज विचारतो. गुरुवारनंतर हा मला उत्तर देणार आहे का?"

हे बोललो आणि किती वाईट बोललो ते अमृतला लगेच कळलं, पण शब्द गेला होता. रत्ना पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. हिलाल देवीसमोरच्या दिव्याकडे बघत होता.

मंजुळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"अमृत, तू काय बोली राह्यना? आम्ही पळनूत तव्हय तू झोपेल व्हता."

"झोपलो होतो, पण बानं सांगितलंय मला."

"काय सांगं बानी? तू बाना खांदावर व्हता. पानी बाना कंबरले लागेल. मायना हात त्यानी धरेल व्हता, मी मायना पदर धरेल. माय दोनदा पान्यामा पडनी, दोनदा बानी वढी काढी. आन मांगे मोटवर बाना आवाज चालूच व्हता, पार आम्ही वाळूवर चढू तधलोक. म्हनीनच मगन उठना नही."

"बाचा आवाज?" अमृत म्हणाला. "बा तर तुमच्या पुढे होता."

"व्हता ना."

"मग मोटेवर कोण गात होतं?"

मंजुळाबाईनं हिलालकडे पाहिलं, मग अमृतकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तुले बानी सांगं नही? माले वाटनं तुले ठावकी शे. ठावकी राहीसनबी तू रागे शे, का भाऊ मांगतून उना काब नही, असं माले वाटे."

अमृत खाली बसला. "बा म्हणाला, हिलाल केळीत लपला. हाका मारल्या, आला नाही."

हिलालनं मान हलवली. कशासाठी ते समजलं नाही. मग त्यानं भूषणला हातानं जवळ बोलावलं. त्याचं बोलणं दोन हातांपलीकडे ऐकू जात नव्हतं. भूषण त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसला आणि बाप जे सांगेल ते मोठ्यानं सांगू लागला.

"आजोबा मोटेवर थांबणार होते," भूषण म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी निघायचं आणि ते मागून येणार, असं ठरलं होतं. मालक लग्नाला गेला होता, फाटकावर मुकादम एकटाच." तो पुन्हा वाकला. "पण पप्पांनी म्हटलं, आजीला पाण्यातून कोण नेईल? तिला पोहता येत नव्हतं. आणि काका लहान होते. पप्पांचा आवाज नुकताच फुटला होता. आजोबांसारखाच लागायचा. म्हणून पप्पा म्हणाले..."

भूषण थांबला.

"काय म्हणाले?" मेघानं विचारलं.

"तू जा म्हणाले. मी म्हणतो. आजोबा तयार नव्हते. पप्पांनी त्यांच्या हातातला कासरा ओढून घेतला."

हिलाल बोलत राहिला. भूषण ऐकत राहिला, पण आता तो पुढे सांगेना. बापाच्या पाठीवर आडवे काळे वण होते. लहानपणी विचारलं होतं तेव्हा बापानं सांगितलं होतं, बैलानं फरपटत नेलं. आंघोळीच्या वेळी ती पाठ चोळताना भूषणनं कित्येकदा त्या नसलेल्या बैलाला शिव्या दिल्या होत्या.

"भूषण, सांग ना," रत्ना म्हणाली.

"दिवा घेऊन मुकादम विहिरीवर आला तेव्हा पप्पा एकटे होते," तो कसाबसा म्हणाला. "त्यानंतरचं मी सांगत नाही."

अमृत हिलालच्या समोर सरकून बसला. बाप त्याला आठवत होता, धुळ्यात मिलच्या पाळीवर जाणारा, घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडणारा. आई हिलालचं नाव घ्यायची तेव्हा उठून बाहेर जाणारा. हिलालला आणायला आपण जाऊ, असं कधीही न म्हणणारा. पोराला आपल्या जागी उभं करून आलो, हे त्याला कुणाला सांगता आलं नसणार. लहानग्या अमृतनं विचारलं तेव्हा जे पहिलं तोंडात आलं ते तो बोलून गेला असेल, आणि मग तेच खरं होऊन बसलं.

"भाऊ, तू का नाही सांगितलंस?" अमृत म्हणाला. "मळा सुटल्यावर तू धुळ्याला आला होतास. तेव्हा सांगायचं. बरं तेव्हा नाही, पांझरेवर मी सगळ्यांसमोर तसं बोललो, तेव्हा तरी?"

हिलालनं घसा खाकरायचा प्रयत्न केला. या वेळी भूषणला सांगावं लागलं नाही, सगळ्यांना ऐकू आलं.

"बाना दहावा व्हता रे," तो म्हणाला. "तठे कसं सांगू?"

मंजुळाबाई डोळे पुसत देवीसमोर जाऊन बसली. दिव्यात तेल घातलं. मग कुणी म्हण म्हटलं नव्हतं तरी तिनं ओळ उचलली, कानबाई माय निंघनी, पाय वाळूमा टाक. म्हातारा, पातळ आवाज, पण सूर पक्का. पल्याडची हाक म्हणून झाली आणि ती थांबली. पुढची ओळ मोटेवरची.

हिलालचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. हवा आली, आवाज आला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला आणि खोकल्यानं तो पार वाकून गेला. रत्ना पाणी घेऊन धावली.

मंजुळाबाईनं आपली ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबली. ती अमृतकडे बघत होती. भूषणकडेही बघत होती. भूषणला ती ओळ लहानपणी कानावर पडलेली होती, पण शब्द आठवेनात. अमृतला तर काहीच येत नव्हतं. मंजुळाबाई माहेरी आली आणि चुलीपाशी गुणगुणली, तरी तो रेडिओ मोठा करायचा. बापानंही धुळ्याला आल्यापासून तोंडातून गाणं काढलं नव्हतं. त्या घरात ती ओळ कुणी म्हटलीच नव्हती, तर येणार कुठून?

तिसऱ्यांदा मंजुळाबाईनं म्हटलं नाही. मेघाचा फोन तिच्या मांडीवर तसाच बंद पडून होता.

"जेवून घ्या," रत्ना म्हणाली. "रोट थंड होतोय."

*

सोमवारी सकाळी कानबाईला निरोप द्यायचा होता. गल्लीतल्या बाकीच्या देव्या जवळच्या नदीवर जाणार होत्या. हिलालनं तापीवर जायचं म्हणून खूण केली, तेव्हा भूषणनं एका शब्दानं विरोध न करता केळीचा टेम्पो धुऊन घेतला, त्यात सतरंजी टाकली. रत्नाच्या डोक्यावर देवीचा पाट. मंजुळाबाई आणि शेजारच्या चार बायका गाणी म्हणत मागे बसल्या. अमृत हिलालच्या शेजारी बसला. वळणावर टेम्पो झुकला की तो हात आडवा धरायचा.

वाटेत त्यानं विचारलं, "भाऊ, ती ओळ मला सांगशील? मोटेवरची. मी लक्षात ठेवीन."

हिलालनं त्याच्या कानाशी तोंड आणलं. टेम्पोचा आवाज होता, बायकांचं गाणं होतं. अमृतनं दोनदा, तीनदा ऐकलं आणि जमेल तसं परत म्हणून दाखवलं.

"मांगे वळी दखू नको, माय, जाय पाटेपाट,
मोट मन्ही चाली राह्यनी, तू धर तुन्ही वाट."

शब्द आले. चाल आली नाही. हिलालनं बोटानं मांडीवर ताल धरून दाखवला, ओठ हलवले, कुठे चढायचं ते हात वर करून सांगितलं. अमृत म्हणायचा आणि हिलाल मान हलवायचा, तसं नही. समोर बसलेली मेघा सगळं बघत होती. मोट जाऊन किती वर्षं झाली. बैल मागे सरताना सूर कसा लांबवायचा आणि पखाल रिकामी झाल्यावर कुठे सोडायचा, हे आता हातवाऱ्यांनी कोण शिकवणार? शेवटी हिलाल दमला आणि त्यानं डोकं मागे टेकवलं.

"ही ओळ आजीची होती का?" मेघानं विचारलं.

हिलालनं नाही म्हणून मान हलवली. आपल्या छातीवर हात ठेवला.

ती ओळ बाकीचे मळ्यातून निसटले त्या संध्याकाळचीच होती. त्यापूर्वी कुणी म्हटलेली नव्हती.

तापीला धरणाचं पाणी फुगलेलं होतं. हतनूरचं धरण झाल्यापासून इकडे काठ मागे सरकला होता. मळ्याची खालची बाजू, विहीर, मोटेच्या बैलांची धाव, वाळूचा उतार, सगळं त्या शांत करड्या पाण्याखाली गेलेलं. हिलालनं हात लांब करून कुठेतरी मधेच दाखवलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

बायका पाण्यात उतरल्या. भूषण रत्नाला धरून होता. अमृतनं हिलालला एका दगडावर बसवलं आणि स्वतः त्याच्या पायाशी ओल्या मातीत बसला. पँट खराब झाली. गुरुवारी सकाळी हा बोलेल, दुपारी बोलणार नाही. विचारायचं खूप होतं, सारं आयुष्यच विचारायचं होतं. माफी मागावी असंही सकाळपासून मनात येत होतं, पण इतक्या वर्षांची माफी कुठून सुरू करतात, ते त्याला समजत नव्हतं.

त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, त्या दिवशी किती वेळ गात होतास?"

हिलाल अमृतच्या खांद्यावर हात टेकून खाली वाकला. त्याचा श्वास अमृतच्या कानाला लागत होता.

"माले कसं समजी, तुम्ही पार व्हयनात का बुडनात? सांगाले कोन व्हतं? गानं थांबाडं तं मगन उठी. म्हनीन म्हनतच राह्यनू. अंधार पडना, बैल उभा राही गयात, तरी म्हनतच राह्यनू."

"मग कळलं कधी तुला? आम्ही पोचलो म्हणून?"

पाण्यात बायकांनी देवीला तिसरी डुबकी दिली आणि मंजुळाबाईच्या आवाजापाठोपाठ सगळ्यांनी जयजयकार केला. हिलाल तो संपेपर्यंत थांबला.

"माय गयी तव्हय," तो म्हणाला. "वरीस व्हई गयतं. तुम्हनाकडला एक गाडीवान मळावर उना. म्हने, कोकिळाबाई वारनी, धुळाले. मी केळीमा जाईसन रडनू. आन रडता रडता मनमा उनं, धुळाले वारनी म्हने. म्हंजे पार व्हयनी व्हती."

अमृतनं कपाळ त्याच्या गुडघ्यावर टेकलं. हिलालनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काठाकडे परत येणाऱ्या बायकांना, जरा थांबा, अशी खूण केली.